बसून

आधीच सांगते, मुकुलला मी आता सर म्हणणार नाही. चार वर्षं म्हटलं तेवढं पुरे. वाचताना उद्धट वाटलं तर वाटू दे.

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत मी कॉम्प्युटर विभागात होते. विभाग म्हणजे दोन माणसं. मुकुल साहेब, आणि मी इरावती, त्याच्या हाताखालची. गोष्ट नव्याण्णव सालची, दिवाळी होऊन गेल्यावरची. काचेची एक खोली, तिच्यात एसी, एसीखाली युनिक्सचा सर्व्हर, आणि त्याला वायरींनी जोडलेली कारखानाभर अकरा टर्मिनलं. स्टोअर, लॅब, डिस्पॅच, गेटजवळचा वजनकाटा, सगळ्यांचं काम त्या एका मशीनवर चालायचं. धूळ नको म्हणून त्या खोलीत चपला काढून यायचं असा नियम होता. मॅनेजरसाहेब सोडून सगळे पाळायचे.

मुकुल आमच्याच आळीतला, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. ही नोकरी मला त्यानेच लावली, युनिक्सही त्यानेच शिकवलं, अगदी बोटाला धरून. मी चुकून एकदा लॅबची अख्खी फाइल उडवली होती, तेव्हा मॅनेजरसमोर त्याने ते स्वतःवर घेतलं होतं. त्या दिवसापासून तो माझ्यासाठी देवमाणूस झाला. आई अळूवड्या करायची तेव्हा त्याच्या वाटणीच्या मी वेगळ्या डब्यात न्यायचे. हे सगळं सांगते, कारण माझा राग उगीच नाही.

काट्यावर कोंडाजीकाका होते. उमरठचे. पहाटेच्या एसटीने पोलादपूर, तिथून दुसऱ्या गाडीने महाड, पुढे कंपनीची बस. वय चौपन्न. काट्यावर कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीच्यांनी हात वर केले आणि हे एकटे म्हणाले, "शिकवा, शिकतो." दोन बोटांनी टाइप करायचे, पण नऊ वर्षांत एक वजन चुकवलं नाही. आपल्या पत्र्याच्या केबिनमध्येसुद्धा चपला बाहेर काढून बसायचे. मी म्हटलं, काका, नियम आमच्या खोलीपुरता आहे. तर म्हणाले, "मशीन तेच ना गो? त्याचंच शेपूट हितं आलंय."

भानगड अशी होती की रोज सकाळी अकराच्या सुमाराला मशीन बसायचं. आमच्या टर्मिनलवाल्यांत 'हँग' वगैरे कुणी म्हणत नाही, बसलं म्हणतात. स्क्रीन जागच्या जागी थिजायची, बटणं दाबून उपयोग नाही, वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप सुटायचं. लॅबवाले तेवढ्यात चहा पिऊन यायचे, त्यांना काय. खरी अडचण काट्यावर. ट्रक काट्यावर चढलेला, गेटपास निघत नाही, मागे सहा टँकर भोंगे वाजवतायत. मग ड्रायव्हर शिव्या घालायचे, डिस्पॅचवाला मॅनेजरकडे जायचा, आणि मॅनेजर म्हणायचा, "तो म्हातारा एक अक्षर शोधायला पाच मिनिटं लावतो." सहा महिन्यांत ते सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं, की काट्यावरचा म्हातारा हळू आहे.

कोंडाजीकाकांची एक रीत होती. मशीन बसलं की ते उठून उभे राहायचे. खिडकीत उभं राहून प्रत्येक ड्रायव्हरला हात करून सांगायचे, थांब बाबा, बसलंय. ट्रक ताटकळत असताना खुर्चीत बसायची त्यांना लाज वाटायची. आणि दहा मिनिटं झाली की सरळ चालत आमच्या काचेच्या खोलीपाशी यायचे. कुणी बोलावलेलं नसायचं. दाराबाहेर चपला काढायच्या, काचेवर टकटक करायची आणि एवढंच सांगायचं, "मॅडम, बसलं."

डिसेंबरात कुजबुज ऐकली की काकांना काट्यावरून काढून ड्रमयार्डात टाकणार, काटा कंत्राटदाराला देणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मुकुलला म्हटलं, "सर, दोष मशीनचा आहे आणि बिल त्यांच्या नावावर फाडतायत. आपण मोजून दाखवूया ना."

"मोज की," तो म्हणाला. "सार लाव."

सार हा युनिक्समधला प्रोग्राम. मला नाव ऐकून आमसुलाचं सारच आठवायचं. तो मशीनची नाडी बघतो. प्रोसेसर किती वेळ कामात होता, किती वेळ डिस्कची वाट बघत होता, किती वेळ रिकामा होता, सगळे रकाने. दर पाच मिनिटांनी आपोआप नोंद व्हावी म्हणून मी तो क्रॉनमध्ये घातला. क्रॉन म्हणजे मशीनचा गजर, ठरल्या वेळी ठरलेलं काम उठून करतो. सगळं लावून झाल्यावर मुकुल माझ्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाला, "एक ओळ अजून टाक. कुठलं टर्मिनल किती वेळ न हलता पडलंय, तेही नोंदव. चित्र पूर्ण होईल."

मी टाकली. त्याच्या मनात तेव्हाच काही होतं की नंतर आलं, हे मला आजवर कळलेलं नाही, आणि त्याच गोष्टीने मी रात्रंदिवस जळते.

मशीन आपली बाजू लिहीत होतं, पण माणसाचीही हवी होती. म्हणून मी महाडच्या बाजारातून दोनशे पानी दोन वह्या आणल्या आणि काकांना दिल्या. "मशीन बसलं की वेळ लिहा, सुटलं की वेळ लिहा. एक दिवस चुकवू नका. तुमची वही आणि माझा कागद जुळला की कुणाची बोलायची टाप नाही."

दुसऱ्या दिवशी काका वही घेऊन आले. हसत होते. "काय मॅडम, शिजलं काय सार?" मग वही उघडून म्हणाले, "वेळ लिवली. पुढं काय लिवू? 'मशीन बसलेलं हाय, स्क्रीन हालत नाय' एवढं लिवस्तवर मागला टँकर बोंबलतो."

"एवढं कशाला लिहिता? वेळ टाका आणि पुढे 'बसून' लिहा. अकरा दहा ते अकरा पस्तीस, बसून. झालं. मला कळतंय."

"बसून," ते म्हणाले. "सोपं हाय."

तो शब्द माझा. ध्यानात ठेवा.

दोन आठवडे नोंदी झाल्या, रोजचा कागद मी रोज छापून ठेवत होते. सगळं आरशासारखं स्वच्छ दिसत होतं. रोज अकरा दहाला 'डिस्कची वाट' हा रकाना उडी मारून ऐंशी टक्क्यांवर जायचा, अकरा पस्तीसला खाली. काकांच्या वहीतल्या वेळा मिनिटाला मिनिट जुळत होत्या. मग एके दिवशी अकरा वाजून बारा मिनिटांनी मी नेमकं शोधलं, की या घटकेला मशीनवर सगळ्यात जड काय चाललंय. मिळालं. साठ्याचा एक रिपोर्ट होता, हेड ऑफिसला जाणारा. लिहिणारा मुकुल, रोज अकरा दहाला चालवणारा मुकुल. वर्षभराच्या सगळ्या नोंदी तो रोज पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळायचा, का, तर त्याने तो घाईत लिहिला होता.

मला हसूच आलं. मी छापील कागद घेऊन त्याच्या टेबलापाशी गेले. "सर, चोर घरातच सापडला."

त्याने कागद बघितला, कान लाल झाले, मग तोही हसला. "सापडलो म्हणायचं. बरं, ऐक. शनिवारी मीटिंग आहे, मुंबईचे डायरेक्टर येतायत. हे मीच मांडतो. तू माझ्याकडे बोट दाखवण्यापेक्षा मी आपल्या तोंडाने कबूल केलेलं बरं दिसेल की नाही?"

"दिसेल ना!"

"मग सगळे कागद माझ्याकडे दे. ती वही पण दे."

मी दिले. सगळे. प्रत काढून ठेवायचं डोक्यातही आलं नाही. उलट मला त्याचं कौतुक वाटलं, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. ज्याने मला वाचवलं होतं त्याच्याविरुद्ध बोलायची वेळ माझ्यावर येणार नव्हती. मीटिंगला मला बोलावणं नव्हतंच. मी जिन्याखालच्या काचेच्या खोलीत बसून होते आणि वर मीटिंग चालू होती.

सोमवारी सकाळी काचेवर टकटक झाली. अकरा वाजायचे होते अजून. दाराबाहेर कोंडाजीकाका, चपला काढून उभे. आत येईनात.

"काय काका, आज लवकर बसलं?"

"मॅडम," ते म्हणाले, "मी बसून होतो काय?"

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. शनिवारी त्यांना वर मीटिंगमध्ये बोलावलं होतं. मुकुलने वही पुढे धरली. हे अक्षर तुझं? होय, माजं. इथे काय लिहिलंय, मोठ्याने वाच. काकांनी वाचलं. बसून. आणि इथे? बसून. पुढचं पान? बसून. सगळे हसायला लागले. काका सांगायला गेले की सायेब, मशीन बसलेलं, मी नाय. मॅनेजर म्हणाला, "मशीनला काय ढुंगण आहे बसायला?" मग आणखी हसले.

"मंबईच्या सायबाला मराठी येत नव्हतं," काका म्हणाले. "मुकुलसायबांनी त्याला विंग्रजीत समजावलं. सिटिंग का काय ते म्हणाले. मला नाय समजलं. पण तो माज्याकडं बघून मान हालवत होता. मग मुकुलसायबांनी तुमचा कागद दावला, काट्याचं टर्मिनल किती येळ हाललं नाय त्याचा. वही नि कागद जुळला, म्हणाले."

पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. महाडात जन्मलेला माणूस. दिवसातून दहादा स्वतःच्या तोंडाने 'अगं, बसलं बघ' म्हणणारा. त्या खोलीत काका सोडले तर त्या शब्दाचा अर्थ पक्का माहीत असलेला तो एकटाच होता, आणि भाषांतर करायला नेमका तोच उभा राहिला.

"तुमी सांगितलंत म्हणून तसं लिवलं," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच सहन होईना. "आता घरी बसा म्हणालेत. पत्र धाडतील."

ते चपला घालून गेले. मी तशीच मुकुलच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले.

"तुम्ही केसाने गळा कापलात त्यांचा."

"हळू बोल."

"नाही बोलणार हळू! 'बसून'चा अर्थ तुम्हाला माहीत नाही?"

"मी खोटं काय बोललो, इरावती? त्याने लिहिलं तेच वाचलं. टर्मिनल हललं नाही हे तुझाच प्रोग्राम सांगतोय." पेपरवेट फिरवत होता. "अगं, मला मुंबईला घेतायत. नवा सर्व्हर, सगळ्या कारखान्यांचा. त्याच डायरेक्टरसमोर मी म्हणू, की सहा महिने ट्रक माझ्यामुळे अडले? कोंडाजीची उमरठला शेती आहे, उपाशी मरणार नाहीये. आज ना उद्या काढणारच होते त्याला."

"मग माझे कागद मला परत द्या."

"कुठले कागद?" तो म्हणाला. चार वर्षांत पहिल्यांदा मला त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. मारली नाही, याचा अजून पश्चात्ताप होतो.

मी ठरवलं, मशीनच्या पोटात मूळ नोंदी आहेत, पुन्हा छापते. बघितलं तर जुन्या नोंदी नव्हत्याच. सार सात दिवसांपेक्षा जुन्या फाइली आपोआप पुसून टाकतो. पुस्तकात स्पष्ट छापलंय, मी ते पान वाचलं नव्हतं. शिल्लक होते ते सात दिवस लगेच छापले, बुधवारपर्यंत थांबून त्यांना ताजे दिवस जोडले, आणि मुकुलला न विचारता मॅनेजरच्या केबिनमध्ये घुसले.

कागद त्याच्यासमोर पसरताना माझं मलाच दिसलं. शनिवारपर्यंत रोज अकरा दहाला डोंगर. सोमवारपासून सपाट. साधी टेकडीसुद्धा नाही.

मॅनेजरलाही ते दिसलं. तो मोठ्याने हसला. "वा! कोंडाजी गेला आणि मशीन सुटलं. तुमचाच कागद बोलतोय, मॅडम. मुकुलने हेच सांगितलं होतं."

मी धावत खाली आले आणि क्रॉन उघडून बघितला. एक नवी ओळ होती, आधी आकडे, मग तारकांची रांग. साठ्याचा रिपोर्ट, पहाटे पाच वाजता, रोज. रविवारी सुट्टीच्या दिवशी येऊन टाकलेली. त्याने चूक सुधारली होती. म्हणजे मीटिंगच्या आदल्या दिवशी सुधारता येत होती, सहा महिने आधी सुधारता येत होती. त्याने आधी माणूस काढला, मग चूक काढली, आणि दोन्हींचा मेळ घालणारा पुरावा माझ्या सारने आपसूक छापून दिला. ज्या माणसाला सोडवायला मी तो लावला, त्याच्याच विरुद्ध.

मी ती ओळ छापून परत वर गेले. मॅनेजरने चष्मा लावून बघितली. "हे चांदण्या-आकडे मला काय कळणार? मुकुलला विचारतो." मग चष्मा काढला. "सिस्टीम चालतेय ना आता? मग तुमचा प्रॉब्लेम काय आहे?"

मी त्या आठवड्यात राजीनामा दिला. मोठेपणा म्हणून सांगत नाही. त्या खोलीत मला श्वास घेता येईना, एवढंच.

उमरठला जायला मात्र मला महिना लागला. रोज उद्यावर ढकलायचे. शेवटी एका सकाळी पोलादपूरला जाऊन उमरठची गाडी धरली. कोंडाजीकाकांचं घर शाळेच्या पुढे, उतारावर. त्यांच्या बायकोने, साळूबाईंनी, दारात पाणी आणि गुळाचा खडा आणून दिला आणि पाठ फिरवून आत गेल्या. कोण आलंय हे त्यांना कळलं होतं.

काका पडवीत होते. "या मॅडम," म्हणाले, आणि उठून उभे राहिले. मी बसा म्हटलं तरी बसेनात.

मी सगळं सांगितलं. रिपोर्ट कुणाचा होता, क्रॉनमधली ओळ, पुसल्या गेलेल्या नोंदी, राजीनामा. ते हूं हूं करत ऐकत होते. मग आत जाऊन वही घेऊन आले. मी दिलेली दुसरी वही.

"तुमची हाय. ठेवली होती."

मी उघडली. त्यांच्या टपोऱ्या अक्षरात तारखा होत्या. कंपनीतून घरी पाठवल्या दिवसापासूनच्या. सात तारीख, आठ ते पाच, बसून. आठ तारीख, आठ ते पाच, बसून. नऊ तारीख. दहा. एकही दिवस गाळलेला नव्हता.

"काका, हे का लिहिलंत?"

"तुमी म्हणालात ना, एक दिस चुकवू नका." मग म्हणाले, "आन हे खरं हाय. पयलं खोटं व्हतं. तवा मी उबा असायचो."

मला रडू फुटलं. आधी रागाचं होतं, मग नुसतंच. पर्समधून पेन काढलं आणि त्यांच्या शेवटच्या ओळीखाली मी माझ्या अक्षरात लिहिलं: मशीन बसलं होतं. कोंडाजी उभे होते. मी पाहिलं आहे. खाली पूर्ण नाव, सही, तारीख. आणि वही त्यांच्याकडे दिली.

त्यांनी ती उजेडाकडे धरली आणि ओळीवरून बोट फिरवत सावकाश वाचली. दोनदा. मग मिटून छातीशी धरली.

"बेस लिवलंय," ते म्हणाले. "हे तवा वर येऊन का नाय बोललीस गो पोरी?"

"मला बोलावलं नव्हतं, काका."

"मला तरी कुठं बोलवायचे," ते म्हणाले. "मी यायचोच की रोज तुमच्या दाराशी."